'गॅमट' या शब्दाचा पल्ला

एखाद्या विषयाची व्याप्ति मोठी आहे असें इंग्रजींत सांगावयाचें झालें कीं, आमच्या विद्यार्थिबंधूंच्या लेखणींतून 'रन द गॅमट' हा वाक्प्रचार हटकून उतरतो. शब्द भारदस्त आहे, कानालाही बरा लागतो. परंतु त्याच्या पोटांत काय आहे याची चौकशी फारसा कोणी करीत नाहीं, आणि त्यामुळें तो अनेकदां भलत्याच जागीं जाऊन बसतो, असें आमचें मत आहे.

हा शब्द मूळचा संगीतांतला. अकराव्या शतकांत इटलींत आरेत्सोचा गीदो नांवाचा एक ख्रिस्ती साधु होऊन गेला. गाणें शिकणें सुलभ व्हावें म्हणून त्यानें बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या एका लॅटिन स्तोत्रांतील ओळींच्या आद्याक्षरांवरून उत्, रे, मि, फा, सोल, ला अशीं सहा स्वरनामें घेतलीं. त्या मालेंतील अगदीं खालच्या स्वरास 'गामा' या ग्रीक अक्षराची खूण असे. गामा आणि उत् मिळून 'गॅमट' झालें, आणि पुढें त्या एका स्वराचें नांव सगळ्या स्वरमालेस लागलें. वाचकांस याचें नवल वाटूं नये. सा, रे, ग, म या चार अक्षरांवरून आपणही संबंध स्वरावलीस सरगम म्हणतोंच कीं!

तेव्हां गॅमट म्हणजे पायरीपायरीनें चढत जाणारी अखंड माला. म्हणून या वाक्प्रचारामागून 'अमक्यापासून तमक्यापर्यंत' असें लिहावयाचें तर तीं दोन्ही टोकें एकाच शिडीचीं असलीं पाहिजेत. 'मंद स्मितापासून खदखदा हसण्यापर्यंत' हें शोभेल. 'गणितापासून क्रिकेटपर्यंत' हें शोभणार नाहीं. या दोहोंच्या मध्यें पायरी ती कोणती? तेथें सरळ 'अनेक विषय' म्हणावें.

ही नुसती अलंकाराची हौस असती तर आम्ही इतकें लिहिलें नसतें. परंतु उद्यां एखादा तरुण नोकरीच्या अर्जांत लिहील कीं, रुग्णालयांत आपण मलमपट्टीपासून शस्त्रक्रियेच्या तयारीपर्यंत सर्व कामें केलीं आहेत. त्यावर विश्वासून डॉक्टर मधलें काम, म्हणजे इंजेक्शन देणें, सलाइन लावणें, त्याच्या हातीं देईल. आणि त्या शब्दाची किंमत रोगी बिचारा भरील. ज्यानें दोन टोकेंच पाहिलीं, त्यानें दोनच कामें लिहावीं.

'गॅमट'च्या जागीं 'गॉन्टलेट' लिहिणारेही भेटतात. तो निराळाच शब्द, एका स्वीडिश शब्दाचा अपभ्रंश. शिपायांच्या दोन रांगांमधून अपराध्यास पळावयास लावीत, व दोहों बाजूंनीं त्याच्यावर फटके पडत. संमेलनाच्या अहवालांत आमच्या गवयांनीं 'गॉन्टलेट' पार केला असें लिहिल्यास त्यांना श्रोत्यांनीं बडविलें असा अर्थ होईल. कांहीं संमेलनांपुरतें तें खरेंही असेल म्हणा!