सैनिक उतरल्यानंतर

विज्ञानकथेत सैनिकांना वाहून नेणारे यान परग्रहावर उतरते, लढाई होते आणि यान उडून जाते. मागे राहिलेल्या वस्तीचे काय झाले, हे बहुधा कोणी विचारीत नाही. व्हिएतनाममध्ये लढलेल्या जो हाल्डेमन यांनी ‘द फॉरएव्हर वॉर’ (१९७४) या कादंबरीत परतणाऱ्या सैनिकाचे परकेपण तरी मांडले.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात मात्र हा प्रश्न कल्पनेतला नाही. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून आले. बोरी नदीवरील पूल शाबूत हाती लागला आणि नळदुर्ग काबीज झाले. पाचव्या दिवशी निजामाने शरणागती पत्करली. रझाकारांच्या जुलमातून जनता मुक्त झाली, हे निर्विवाद. परंतु त्यानंतर निरपराध मुसलमानांची जी हत्या झाली, तिची सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत सुंदरलाल समितीने उस्मानाबादचे नाव घेतले. तो अहवाल कित्येक दशके दडवून ठेवला गेला.

मुक्तीचा अभिमान बाळगणाऱ्यांनीच हा हिशेबही मांडला पाहिजे. १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनाला दोन्ही गोष्टी सांगण्याचे धैर्य आपण दाखवू, तरच तो मुक्तिसंग्राम पुरा होईल.