गणपूर्तीअभावी सिंहासन रिकामे

आमच्या घरात सध्या दोन तट पडले आहेत. निवडणुकीवरून नव्हे, त्या बाबतीत आमच्याकडे माणशी एक पक्ष असल्यामुळे तट पडायला माणसेच उरत नाहीत. हे तट पडले आहेत स्कायरिमच्या गादीवरून.

स्कायरिम म्हटल्यावर नकाशा शोधू नका. तो कॉम्प्युटरवरचा खेळ आहे. बेथेस्डा नावाच्या अमेरिकन कंपनीने तो ११ नोव्हेंबर २०११ रोजी बाजारात आणला, आणि मी पेन्शनीत निघाल्यावर माझ्या पुतण्याने तो माझ्या गळ्यात बांधला. म्हणाला, "काका, तुमचं डोकं जरा कामात राहील." खेळाने पहिल्या काही मिनिटांतच माझे डोके ठोकळ्यावर ठेवले! झाले असे, की हद्द ओलांडताना मला पकडून, हात बांधून, एका बंडखोर सरदाराबरोबर गाडीत घातले होते. वधस्तंभापाशी एक शिपाई यादी घेऊन उभा. माझे नाव यादीत नाही. त्याने वरिष्ठांना विचारले. वरिष्ठ बाई म्हणाल्या, यादी राहू दे, उडवा. छत्तीस वर्षे सरकारी कचेरीत काढली, पण यादीत नाव नसलेल्या माणसाचे काम इतक्या तातडीने झालेले मी प्रथमच पाहत होतो. ऐन वेळी एक ड्रॅगन आला म्हणून वाचलो.

गाडीतला तो सरदार म्हणजे उल्फ्रिक स्टॉर्मक्लोक. तोंडाला बोळा बांधलेला. कारण हा गृहस्थ नुसत्या आवाजाने माणूस आडवा करतो. तशाच आवाजाने त्याने स्कायरिमचा तरुण राजा टॉरिग याला पाडले आणि ठार केले. आता टॉरिगची विधवा एलिसिफ एका बाजूला, तिच्या पाठीशी साम्राज्याचा सेनापती टुलियस. आणि दुसऱ्या बाजूला उल्फ्रिक. आमचा पुतण्या उल्फ्रिकचा. त्याची धाकटी बहीण साम्राज्याची. दोघे समोरासमोर जेवायला बसले, की आमची ही आमटीची वाटी आधी बाजूला सरकवते. आणि दोघेही शेवटी माझ्याकडे वळतात. "काका, तुम्ही कोणाच्या बाजूचे?"

मला या प्रश्नाचाच राग येतो. का येतो, ते सविस्तर सांगतो.

प्रथम पुतण्याचे घेऊ. तो म्हणतो, उल्फ्रिकने जुन्या रिवाजाप्रमाणे राजाला उघड आव्हान दिले. ज्याला स्वतःचे रक्षण करता येत नाही तो राज्याचे काय करणार? ठीक. मग राजवाडा कशाला हवा? तांबड्या मातीचा हौद खणा, हलगी लावा, आणि जिंकेल त्याच्या खांद्यावर गदेबरोबर राज्यही द्या! शिवाय उल्फ्रिक ती गर्जना लहानपणापासून डोंगरावरच्या साधूंकडे शिकलेला. ती विद्या ज्याने शिकलीच नाही, त्याला आव्हान देण्यात कसले आले शौर्य?

आता पुतणी. ती म्हणते, एलिसिफ राजाची पत्नी, तेव्हा हक्क तिचा. पोरी, गादी म्हणजे काय फॅमिली पेन्शन आहे? आणि तिच्या शेजारी जो टुलियस उभा आहे, त्याच्याच साम्राज्याने युद्धात टेकीस येऊन तह केला आणि त्या तहात टालोस देवाची पूजा बंद करून टाकली. लोकांचा देव तहात देऊन टाकायचा आणि वर लोकांकडून निष्ठा मागायची, हा हिशेब कुठल्याही ऑडिटरने पास केला नसता.

हा खेळ रचणाऱ्यांचे मी मनापासून कौतुक करतो. त्यांनी एकाला शिंगे आणि दुसऱ्याला प्रभावळ दिली नाही. दोघांनाही अर्धे-अर्धे खरे बोलायला लावले.

पण माझे भांडण पुढेच आहे. स्कायरिममध्ये राजा निवडण्याची एक रीतसर पद्धत आहे. तिला 'मूट' म्हणतात. नऊ परगणे, प्रत्येकाचा एक यार्ल, आणि या नऊ यार्लांनी एकत्र बसून राजा ठरवायचा. टॉरिगचा बाप वारला तेव्हा मूट भरले होते, त्यातूनच टॉरिग राजा झाला. आता मोजा. चार यार्ल साम्राज्याचे, चार उल्फ्रिकचे, आणि व्हाइटरनचा बालग्रूफ कुंपणावर. चार, चार, एक! सभा बोलवायला यापेक्षा चांगला मुहूर्त कुठला? पण कोणी बोलवत नाही. कारण सभेत काय होईल हे आधी ठाऊक असल्याशिवाय सभा बोलवायची नाही, हा नियम सगळ्या जगात सारखाच आहे.

मी दोन्ही बाजूंनी एकेकदा युद्ध लढलो. (डोळ्यांच्या डॉक्टरांना हे कळू देऊ नका.) युद्ध म्हणजे काय? परगणा जिंकायचा, यार्ल उठवायचा आणि आपला माणूस बसवायचा. फॉकरीथला तर मी पुतण्याला उठवून काकाला बसवले. माझ्या पुतण्याने ते पाहिले आणि दोन दिवस तो माझ्याशी जपून बोलत होता. अखेरीस टुलियस पडला, आणि उल्फ्रिकने भाषण केले की मूट ठरवेल तेव्हाच मी राजा. मी खुर्ची पुढे ओढली. म्हटले, आता सभा बघायला मिळणार! एक दिवस गेला. दहा गेले. वेळ जाईना म्हणून मी एका शेतावर कोबी खुडून शेतकऱ्याला विकले. मूट काही भरले नाही. साम्राज्याच्या बाजूने लढलो तेव्हाही नाही. सगळे सभासद आपलेच बसवले, तरी सभा नाही ती नाहीच!

हा खेळ आहे, इतके काय मनाला लावून घेता, असे आपण म्हणाल. लावून घेतो, कारण सॉलिट्यूड या राजधानीत पहिले पाऊल टाकले तेव्हा चौकात एका पहारेकऱ्याचे डोके उडवणे चालले होते. गुन्हा काय, तर राजाला मारून उल्फ्रिक निघाला तेव्हा याने वेस उघडली. त्याची छोटी भाची मोठ्या माणसांना विनवत होती, की माझ्या मामाने काही वाईट केले नाही असे त्यांना सांगा. मारणारा मोकळा, मेलेल्याची बाजू घेणारे मोकळे, आणि दार उघडणारा गेला. गादीच्या भांडणात नेहमी असाच कोणी तरी वेशीवरचा जातो. म्हणून मी कोणाच्याच बाजूचा नाही. मी मूटच्या बाजूचा आहे.

तिसऱ्या खेपेला मी ठरवले, कोणाकडेच जायचे नाही. गंमत पहा, आपण बाजू घेतली नाही तर ते युद्ध जागच्या जागी थांबते. वर्षानुवर्षे तंबू तेच, सैनिक तेच. फार तर डोंगरावर तहाची एक बैठक होते. तिच्यातही आधी वाद कोणी बसायचे आणि कोणी बसायचे नाही याचा. लग्नात व्याह्यांचा होतो तसाच. आणि तह कुठवर? ड्रॅगनचा बंदोबस्त होईपर्यंत.

मी हे मोठ्या अभिमानाने पुतण्याला सांगितले. तो म्हणाला, "काका, म्हणजे तुम्ही काही केलं नाहीत म्हणून ते लोक तिथे अजून अडकलेत." जरा थांबून म्हणाला, "आणि तुमच्या सोसायटीचं मूट कधी असतं हो?"

हे लागले. आमच्या सोसायटीचे सभासद बेचाळीस. अध्यक्षपदावरून दोन गट. दर वर्षी सभा गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकूब होते; मग चहा होतो आणि तेच दहा जण, त्याच खुर्च्यांवर, गणपूर्ती न लागणारी सभा भरवून वर्षाचा कारभार ठरवतात. मी अकरा वर्षे ही सभा गॅलरीतून पाहिली आणि दोन्ही गटांवर उत्तम टीका केली. स्कायरिमच्या नऊ यार्लांना नावे ठेवणारा मी, माझ्या घरापासून सभा दोन जिने खाली.

गेल्या रविवारी चपला घालून खाली गेलो. सगळे माझ्याकडे असे पाहू लागले, जणू माझेही नाव यादीत नव्हते. गणपूर्तीला तीन माणसे कमी पडली.

आजवर चार कमी पडत असत.