दोन मैलांचे चित्र



दिवाळीच्या हस्तपत्रकाचा कच्चा नमुना चिरंजीवाने परवा पेढीवर माझ्यापुढे ठेवला. वर ठळक अक्षरांत ‘निम्म्या किमतीत’. कोणत्या किमतीच्या निम्म्या, याचा उल्लेख कोठेच नव्हता. विचारले, तर म्हणाला, “बापूजी, ही जाहिरात आहे, खतावणी नव्हे.”

मला दादासाहेब फाळके आठवले. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. पुढे तो सुरतेस नेला, तेव्हा प्रेक्षक फिरकेनात. दोन आण्यांत सहा तासांचे नाटक पाहणाऱ्या लोकांना तीन आण्यांत दीड तासाचा खेळ महागच वाटणार! मग फाळक्यांनी जाहिरात केली, असे सांगतात : सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, दर अवघा तीन आणे. गर्दी लोटली.

मी पडलो हिशेबी. फितीच्या एका फुटात सोळा चित्रे, म्हणजे ५७,००० चित्रांना सुमारे ३,५६० फूट लागतात. चित्रपटाची नोंदलेली लांबी ३,७०० फुटांच्या आसपास आहे. पहिला आकडा चोख. पण मैल ५,२८० फुटांचा! दोन मैल राहोत, ती फीत पाऊण मैलही भरत नाही. श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिकमानोन्मान’ आहे, खोटी वजने-मापे वापरणे. तो दोष सत्यवचनी हरिश्चंद्राच्याच जाहिरातीत सापडावा, हे मनाला लागते.

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांची रीत निराळी होती. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविलेला हा कलावंत आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके स्वतः रंगवी. १९२१-२२ च्या सुमारास छायाचित्रांसह कथेची माहिती देणाऱ्या पुस्तिकाही त्याने वाटल्या. गिऱ्हाइकाला माल आधी दाखवावा, तसेच हे. आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-भित्तिपत्रकांत त्याच्या १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चे नाव घेतात.

अलिबागेत आमच्या आजोबांच्या दुकानाच्या भिंतीवर थिएटरवाले भित्तिपत्रक डकवीत; मोबदला म्हणून दोन पास. आजोबा ते गड्याला देऊन टाकीत. चित्रातला नायक दोन पुरुष उंच, आभाळ केशरी, नायिकेचे गाल डाळिंबी. पडद्यावर मात्र सारे काळे-पांढरे. तरी फसवले म्हणून कोणी तिकिटाचे पैसे परत मागितल्याचे ऐकिवात नाही. रंग हा रंगच, हे पाहणाऱ्याला कळत होते. माझ्या मते त्यात खोटेपणा नव्हता. खोटेपणा शिरतो तो आकड्यातून, कारण फूट आणि आणा यांवर माणूस विश्वास टाकतो.

आजोबांनी एकदाच भित्तिपत्रक काढायला लावले. वर ‘शेवटचे दोन दिवस’ अशी पट्टी होती, आणि तिसरा आठवडा उजाडला तरी ती तेथेच होती. “भिंत माझी आहे,” एवढेच ते थिएटरच्या माणसाला म्हणाले. पुढे काही महिने पास आले नाहीत. गडी मात्र नाराज झाला.

नमुना अजून गल्ल्यावर पडून आहे. ‘निम्म्या’च्या शेजारी मी पेन्सिलीने मूळ किंमत लिहिली आहे. चिरंजीव म्हणतो, तेवढ्या ओळीला जागा नाही. छापखाना शनिवारी बंद होतो.