कुलूप कुणाच्या सहीने?

आमच्या कोर्समेट्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर चार-सहा महिन्यांनी एक मेसेज फिरून येतो. देशातले सगळे अणुऊर्जा प्रकल्प लष्कराच्या ताब्यात द्या, भिंती दुप्पट उंच करा, आत पाखरूसुद्धा फिरकता कामा नये. खाली अंगठे, तिरंगे, 'जय हिंद सर'. यंदा एका सीनियरांनी त्यात भर घातली: या इंजिनियर लोकांना शिस्त नाही, दारं उघडी टाकतात. मला या मेसेजशी भांडायचं आहे. वर्दीतल्या माणसानेच भांडलेलं बरं. सिव्हिलियनने हेच म्हटलं तर आपण त्याच्या देशभक्तीवर घसरतो.

घोळ शब्दापासूनच सुरू होतो. अणुभट्टी बिघडून माणसांना इजा होऊ नये, याला आपण सुरक्षा म्हणतो. माणसांनी अणुभट्टीला इजा करू नये, यालाही सुरक्षाच म्हणतो. या लेखापुरतं पहिलीला सुरक्षितता म्हणू आणि दुसरीला पहारा. सुरक्षिततेला दार चटकन उघडायला हवं असतं, पहाऱ्याला ते सहजासहजी उघडायला नको असतं. सुरक्षितता म्हणते चूक झाली की सगळ्यांना सांगा, पहारा म्हणतो तोंड बंद ठेवा. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. पण आपल्याकडे दोघांची टक्कर झाली की कुणीतरी 'राष्ट्रीय सुरक्षा' हे दोन शब्द उच्चारतो आणि चर्चा संपते.

आता नरोऱ्याला चला. उत्तर प्रदेशात, गंगेच्या काठी. ३१ मार्च १९९३, पहाटे साडेतीनची वेळ. टर्बाइनची दोन पाती तुटली, धक्क्याने हायड्रोजन गळला, तेलाने पेट घेतला आणि केबल जळत गेल्या. नेहमीची वीज गेली, आणीबाणीची वीजही गेली. कंट्रोल रूममध्ये इतका धूर भरला की ऑपरेटरांना बाहेर पडावं लागलं. अणुभट्टी बंद झाली होती, पण ती गॅसच्या शेगडीसारखी विझत नाही. बंद केल्याक्षणीही पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के उष्णता आत तयार होत असते आणि ती काढत राहावी लागते. तिथे सतरा तास वीज नव्हती. मग माणसं बॅटऱ्या घेऊन अंधारात चढली आणि हाताने व्हॉल्व्ह उघडून बोरॉनचं द्रावण आत सोडलं, म्हणजे भट्टी पुन्हा पेटायला नको. आग विझवायचे डिझेल पंप चालू करून त्यांचं पाणी थंड करण्यासाठी फिरवलं. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही.

माझ्या मते आपल्या अणुऊर्जेच्या इतिहासातली ही सर्वांत शौर्याची रात्र आहे. तिच्यावर सिनेमा निघाला नाही, कारण त्यात कुणी गोळी झाडली नाही. मेसेज पाठवणाऱ्यांना माझा प्रश्न साधा आहे. त्या जिन्यावर, त्या व्हॉल्व्हपाशी तुम्ही सुचवता तसं कार्डाने उघडणारं दार असतं, वीज गेलेली असती, किल्ली दुसऱ्या इमारतीत असती आणि संत्र्याला 'हुकुमाशिवाय कुणाला सोडायचं नाही' असं बजावलेलं असतं, तर? संत्री चांगला असता तर त्याने हुकूम पाळला असता. भीती मला याच गोष्टीची वाटते.

फुकुशिमात २०११ साली त्सुनामीनंतर मुख्य वाट अडली, तेव्हा दोन आणि तीन क्रमांकाच्या भट्ट्यांमधल्या फाटकाचं कुलूप तोडून गाड्यांना रस्ता करावा लागला. जपानी माणसाला कुलूप तोडावं लागलं, यावरूनच समजा.

उलट बाजूही आहे, ती लपवणार नाही. बेल्जियममधल्या डोएल प्रकल्पात ऑगस्ट २०१४ मध्ये चौथ्या भट्टीच्या टर्बाइनमधलं सुमारे ६५ हजार लिटर तेल कुणीतरी मुद्दाम सोडून दिलं. टर्बाइन कोरडं फिरून खराब झालं आणि भट्टी डिसेंबरपर्यंत बंद राहिली. ज्या व्हॉल्व्हमधून तेल गेलं, तो आग लागल्यास तेल झटपट जमिनीखालच्या टाकीत जावं म्हणून बसवलेला होता. सुरक्षिततेची सोय घातपाताच्या कामी आली. म्हणजे इंजिनियरांनीही 'पहारेकरी आमच्या कामात लुडबुड करतात' हे रडगाणं बंद करावं.

आणि भिंतीची उंची? आपल्याकडच्या घटना बघा. कैगा, नोव्हेंबर २००९: पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियम असलेलं जड पाणी मिसळलं गेलं, पन्नासेक कामगारांच्या शरीरात ते गेलं. हे कुणीतरी मुद्दाम केल्याचं तेव्हाचे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष अनिल काकोडकर यांनीच सांगितलं. त्या पाण्यापर्यंत पोहोचणारा माणूस पास दाखवून आत जाणाराच असतो. कुडनकुलम, २०१९: एका कॉम्प्युटरमध्ये मालवेअर सापडलं. २९ ऑक्टोबरला प्रकल्पाकडून पत्रक निघालं की बातम्या खोट्या आहेत, आणि ३० तारखेला कॉर्पोरेशनने मान्य केलं की मालवेअर होतं, सप्टेंबरमध्येच कळलं होतं, मात्र ते कार्यालयीन कामाच्या नेटवर्कवर होतं, भट्टी चालवणाऱ्या यंत्रणेत नव्हतं. हे खरं होतं, तर पहिल्याच दिवशी सांगायला काय हरकत होती? एका दिवसाच्या नकारामुळे पुढच्या खऱ्या खुलाशावरचाही विश्वास उडाला. ही गुप्तता कुणापासून होती? मालवेअर सोडणाऱ्याला तर आधीच माहीत होतं.

आणि कल्पक्कम. सध्या माझी पोस्टिंग चेन्नईत आहे, कल्पक्कम इथून दक्षिणेला सत्तर किलोमीटरवर. ८ ऑक्टोबर २०१४ च्या पहाटे तिथल्या सीआयएसएफच्या एका हेड कॉन्स्टेबलने आपल्याच सहकाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. तिघं गेले. भिंतीच्या आतला, हत्यार दिलेला, आपलाच माणूस. आपल्यापैकी ज्यांनी कंपनी कमांड केली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. रजा, झोप, घरून आलेला फोन, वरिष्ठाचा शब्द. जवानाची ड्यूटी कशी लावता ही अणुप्रकल्पात सुरक्षिततेची बाब आहे, पण ती कुठल्याच इंजिनियरच्या तपासणी-यादीत येत नाही.

'मग दहशतवाद नाही का?' आहे. हेडलीने बीएआरसीचीही टेहळणी केली होती. पहारा हवा, तगडा हवा, हत्यारबंद हवा. पण टर्बाइन हॉलमध्ये जनरेटर थंड ठेवायला हायड्रोजन असतो, तेलाच्या टाक्या असतात, केबलचे जाळे असतात. तिथे कुठल्या दिशेला गोळी चालवायची नाही हे क्यूआरटीच्या जवानाला कोण सांगणार? आम्ही लष्करवाले नक्कीच नाही. आम्हाला ती इमारत माहीत नाही, आणि दोन-तीन वर्षांत पोस्टिंग बदलली की जेवढं कळलं तेवढंही बरोबर निघून जातं. म्हणून 'लष्कराच्या ताब्यात द्या' हे मला उत्तर वाटत नाही.

मी एकदा एका दारूगोळा साठ्याच्या फायर ड्रिलला हजर होतो. बंब चार मिनिटांत आला आणि दुसऱ्या गेटवर अकरा मिनिटं उभा राहिला. संत्री ड्रायव्हरचं ओळखपत्र आणि गाडीचा नंबर रजिस्टरात उतरवत होता. रिपोर्टमध्ये दोन्ही पथकांना 'उत्तम' शेरा मिळाला, कारण अग्निशमनाचं मूल्यमापन वेगळ्या कागदावर होतं आणि पहाऱ्याचं वेगळ्या.

अमेरिकेत २००९ पासून अणुप्रकल्पांना नियमानेच बांधलं आहे: पहाऱ्यातल्या बदलाचा सुरक्षिततेवर आणि सुरक्षिततेतल्या बदलाचा पहाऱ्यावर काय परिणाम होईल, हे आधी तपासायचं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या सल्लागार गटाने २०१० मध्ये याच विषयावर स्वतंत्र अहवाल काढला. नवीन काही शोधायचं नाही. २०४७ पर्यंत १०० गिगावॅटचं लक्ष्य जाहीर झालं आहे, म्हणजे अशी फाटकं आणि असे संत्री कितीतरी पटीने वाढणार. तेव्हा आत्ताच ठरवा. प्रकल्पात कुठलंही नवं कुलूप लागेल तेव्हा त्या कागदावर पहाऱ्याच्या कमांडरबरोबर शिफ्ट इन-चार्जचीही सही हवी, आणि सहीआधी त्याने वीज नसताना, बॅटरी घेऊन तो रस्ता स्वतः चालून वेळ मोजलेली हवी. सुरक्षिततेची सोय म्हणून एखादा व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा असेल, तर त्यावर कमांडरची सही हवी. आग आणि हल्ला यांची ड्रिल एकाच रात्री, एकत्र घ्या, पावसाळ्यात घ्या. गेटवर बंब आला आणि वायरलेसवर 'घुसखोर आत आहे' असा संदेश असेल, तर फाटक उघडायचं की नाही हे कोण सांगणार, त्याचा हुद्दा आधीच लिहून संत्र्याच्या खिशात ठेवा.

स्टॉपवॉच धरायला अंपायर लागतील. ते आम्ही लष्करातून देऊ, ते काम आम्हाला येतं.