वाळवंटातल्या नद्या फक्त नळासाठी नाहीत

भारतातून पहिल्यांदा फिनिक्सला आलेले आई-बाबा टेंपीच्या आसपास एक प्रश्न हमखास विचारतात: "पूल एवढा मोठा, मग नदी कुठाय?" नदी आहे, सॉल्ट रिव्हर तिचं नाव. 1911 साली वरच्या अंगाला रूझवेल्ट धरण पूर्ण झालं, पुढे आणखी धरणं आली, आणि शहराच्या अलीकडे ग्रॅनाइट रीफ बंधाऱ्यावर उरलेलं पाणी कालव्यांत वळवलं जातं. टेंपीत जे पाणी दिसतं, ते 1999 मध्ये पात्रात बांध घालून भरलेलं तळं.

पण त्याच बंधाऱ्याच्या वर, चँडलरहून पाऊण-एक तासावर, हीच नदी उन्हाळ्यात माणसांनी फुललेली असते. हवा भरलेल्या ट्यूबवर बसायचं आणि प्रवाहाबरोबर वाहत जायचं, बस्स. विहिरीत ट्रॅक्टरच्या ट्यूबवर पोहायला शिकलेल्यांना त्यात नवल वाटू नये. काठावर रानघोडे दिसतात. बाहेर 43 अंश सेल्सिअस असताना पाणी मात्र चांगलंच गार.

"वाळवंटात पाण्याची ही चैन कशाला?" असं आपल्यातलेच काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. ट्यूबवाले ज्या पाण्यावर तरंगतात, तेच पाणी काही मैल खाली कालव्यात जाऊन शेतांना आणि आपल्या घरच्या नळांना मिळतं. मजा करून एक थेंबही कमी होत नाही. नदी आटते ती दुसऱ्याच कारणाने.

ते कारण म्हणजे भूजल. ॲरिझोनाचा कायदा नदीचं पाणी आणि जमिनीखालचं पाणी बहुतांशी वेगळं धरतो. 1980 च्या भूजल कायद्याचे कडक नियम ठरावीक पट्ट्यांपुरते आहेत. बाहेर बोअर मारून उपसा करायला फारशी आडकाठी नाही. व्हर्दे नदीचा उगमाकडचा प्रवाह बिग चिनो खोऱ्यातल्या भूजलावर जगतो, आणि प्रेस्कॉट भागासाठी तिथूनच पाइपलाइन टाकायचा विचार बरीच वर्षं चालू आहे. मेक्सिकोतून उत्तरेला वाहत येणाऱ्या सान पेद्रोलाही सिएरा व्हिस्टाजवळच्या उपशाचा धोका आहे. तिच्या काठावर पक्षी बघायला जगभरातून लोक येतात.

उलटं उदाहरणही आहे. फॉसिल क्रीकचं पाणी नव्वदहून अधिक वर्षं वीजनिर्मितीसाठी वळवलेलं होतं. वीज मिळत होती ती तशी किरकोळच. 2005 मध्ये केंद्रं बंद करून पाणी ओढ्यात परत सोडलं. निळसर डोह पुन्हा भरले, आणि लोक इतके लोटले की 2016 पासून हंगामात परमिट घ्यावं लागायला लागलं. (काही जण तिथे कचरा टाकून येतात, तो विषय वेगळा आणि लाजिरवाणा.) वाहत्या पाण्याला किती मागणी आहे, याचा आणखी कुठला पुरावा हवा?

पाणीवाटपाच्या चर्चेत शेती, घरबांधणी आणि आमच्या क्षेत्रातले कारखाने व डेटा सेंटर यांचे हिशेब मांडले जातात. नदीत डुंबणाऱ्या कुटुंबाचा हिशेब कोणी मांडत नाही, कारण ते बैठकीला जातच नाही. व्हिसावर असल्याने आपल्यापैकी अनेकांना मत नाही, हे खरं. पण शहराच्या कौन्सिलपुढे रहिवासी म्हणून दोन-तीन मिनिटं बोलायला नागरिकत्व लागत नाही.