साचलेलं पाणी आणि चिकटणारा जिवाणू : लेप्टोची लढाई ताप येण्याआधीच का लढायला हवी?

ठाणे पूर्वेला, म्हणजे कोपरीत, एका बाजूला रेल्वे रूळ आणि दुसऱ्या बाजूला खाडी. मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की पाण्याला जायला वाट उरत नाही. स्टेशनवरून घरी निघालेला माणूस अशा वेळी बूट हातात घेतो, पँट गुडघ्यापर्यंत दुमडतो आणि चालू लागतो. पाण्याखालच्या खड्ड्याची त्याला भीती असते. टाचेला पडलेल्या भेगेकडे मात्र लक्ष जात नाही.

लेप्टोस्पायरा हा जिवाणू शिरतो तो अशाच भेगेतून. उंदीर, घुशी, भटकी कुत्री, गुरं यांच्या मूत्रपिंडात तो राहतो, लघवीतून पाण्यात उतरतो आणि ओल्या चिखलात कित्येक आठवडे तग धरू शकतो. आकार स्प्रिंगसारखा, जाडी केसापेक्षा शेकडो पटींनी कमी. जगभरात दरवर्षी सुमारे १० लाख लोकांना हा आजार होतो आणि त्यात जवळपास ५९ हजार जणांचा मृत्यू होतो, असा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. मुंबई परिसरात ‘लेप्टो’ हा शब्द घराघरांत पोहोचला तो २६ जुलै २००५ नंतर. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पाणी ओसरल्यावर तापाची साथ आली.

पण शरीरात शिरला म्हणजे जिवाणू जिंकला, असं नसतं. रक्ताचा प्रवाह त्याला वाहून नेऊ शकतो, प्रतिकारशक्ती फोडून टाकू शकते. म्हणून त्याला आधी पाय रोवावे लागतात.

हुक नेमके कशात अडकतात?

लेप्टोस्पायराच्या बाहेरच्या आवरणावर लिग-ए आणि लिग-बी नावाची प्रथिनं असतात. आपल्या पेशींभोवती फायब्रोनेक्टिन, लॅमिनिन, कोलॅजेन अशा रेणूंची जाळी असते. तीच पेशींना जागेवर धरून ठेवते. जिवाणूची प्रथिनं नेमकी याच जाळीला जाऊन चिकटतात. म्हणजे घर उभं राहावं म्हणून बांधलेल्या परांचीवरूनच चोर वर चढतो.

यातली सगळ्यात चलाख गोष्ट मिठाची आहे. डबक्यातल्या पाण्यात क्षार कमी, रक्तात जास्त. प्रयोगशाळेत द्रावणातलं मिठाचं प्रमाण शरीराइतकं वाढवलं, तेव्हा जिवाणूने ही लिग प्रथिनं जास्त प्रमाणात बनवायला सुरुवात केली. आपण आता माणसात शिरलो आहोत, हे त्याला खारटपणावरून कळतं. (मिठबंदर रोड ज्या भागात आहे, तिथल्या वाचकांना मिठाचं महत्त्व वेगळं सांगायला नको.)

चिकटणं एवढ्यावर थांबत नाही. रक्तात ‘फॅक्टर एच’ नावाचं एक प्रथिन असतं. ‘ही आपलीच पेशी आहे, हल्ला करू नका’ असं ते संरक्षण यंत्रणेला सांगतं. लेप्टोस्पायरा हेच प्रथिन स्वतःच्या अंगावर ओढून घेतो. दुसऱ्याचं आयकार्ड गळ्यात घालून गेटमधून आत जावं, तसं. आणखी काही प्रथिनं आपल्याच रक्तातलं प्लाझमिनोजेन पकडतात. ते सक्रिय झालं की ऊतींची जाळी कापणारी कात्री तयार होते. कात्री आपली, वापरणारा तो.

मग एखादा हुक तोडला तर? संशोधकांनी तेही करून पाहिलं. लिप-एल-३२ हे या जिवाणूच्या आवरणावर सर्वाधिक आढळणारं प्रथिन. ते काढून टाकलेला जिवाणूही हॅमस्टरला आजारी पाडू शकला. फक्त लिग-बी काढलं, तरी तेच. लिग-ए आणि लिग-बी दोन्ही एकदम बंद केली, तेव्हा कुठे तो निष्प्रभ झाला. एक बिघडलं तर दुसरं तयार, असा हा बॅकअप आहे. त्यामुळे एका प्रथिनावर आधारित लशीच्या बातम्या वाचून हुरळून जाण्यात अर्थ नाही. जनावरांसाठी लशी आहेत, पण त्या ठरावीक उपप्रकारांपुरत्या, आणि उपप्रकार तर शेकडो आहेत.

मग हातात काय उरतं?

वेळ. डॉक्सिसायक्लिन हे जुनं, स्वस्त औषध जिवाणूचा प्रथिनं बनवण्याचा कारखानाच रोखतं. हुक त्याच कारखान्यातून येतात. म्हणूनच साचलेल्या पाण्यातून चालल्यावर २४ ते ७२ तासांत डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घ्या, असं मुंबईत पालिका सांगत आली आहे. गर्भवती आणि आठ वर्षांखालील मुलांसाठी वेगळं औषध असतं, त्यामुळे घरातल्या जुन्या पाकिटातली गोळी कुणालाही देऊ नये. हे औषध कवच नाही, हेही खरं. अंदमानमधल्या चाचणीत त्याने संसर्ग फारसा रोखला नाही, पण लक्षणांसह आजारी पडणाऱ्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं.

अडचण अशी की ही ७२ तासांची खिडकी कुणाच्या लक्षातच राहत नाही. ताप साधारण ५ ते १४ दिवसांनी येतो. तोवर रस्ता कोरडा, पाणी विसरलेलं. पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात आणि घरात आधी डेंग्यूचं नाव निघतं. रक्ततपासणीही पहिल्या काही दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते, कारण अँटिबॉडी तयार व्हायला वेळ लागतो.

उंदीर मारण्याच्या मोहिमा हव्यातच. पण पालिकांचा सगळा भर त्यावर आणि फलकांवर राहणार असेल, तर तो अपुरा आहे. गटारात उतरणारा कामगार, भर पावसात रिक्षा ढकलणारा चालक, गुडघाभर पाण्यातून डिलिव्हरी देणारा मुलगा यांना ओपीडीच्या रांगेत उभं राहायला सुट्टी मिळत नाही. पाणी तुंबल्याच्या दुसऱ्याच दिवशी आरोग्यसेवक त्या वस्तीत डॉक्टरांसह पोहोचले पाहिजेत. आणि पावसाळ्यात तापाच्या प्रत्येक केसपेपरवर एक छापील प्रश्न हवा : गेल्या महिन्याभरात साचलेल्या पाण्यातून चालला होतात का? तो छापायला निधीही लागत नाही, ठरावही लागत नाही.