विश्लेषण : हरभऱ्याचे वय दिवसांत मोजायचे की उष्णतेत?

सोयाबीनची काढणी लांबली की नांदेड-लातूरकडे हरभऱ्याची पेरही लांबते. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधील अतिवृष्टीनंतर पाणी साचलेल्या रानांत वाफसा येण्याची वाट पाहावी लागली. अशा हंगामात एकाचा हरभरा ऑक्टोबरच्या मध्यात पडतो, तर बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याचा नोव्हेंबर सरताना. सल्ला मात्र दोघांना एकच मिळतो : पेरणीनंतर अमुक दिवसांनी फुलोरा, अमुक दिवसांनी फवारणी. तो पाळताना दुसऱ्याची फसगत होण्याची शक्यता अधिक.

संचित तापमान म्हणजे काय?

पीक दिनदर्शिका पाहून वाढत नाही, मिळालेल्या उष्णतेवर वाढते. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर यांनी १७३५ मध्येच ही कल्पना मांडली होती. हिशेब सोपा आहे. दिवसाचे कमाल आणि किमान तापमान यांची सरासरी काढायची. त्यातून ज्या तापमानाखाली पिकाची वाढ थांबते ते वजा करायचे. हरभऱ्यासाठी हा आकडा साधारण ५ अंश धरतात. उरलेले अंश रोज बेरजेत टाकायचे.

समजा, ऑक्टोबरमध्ये कमाल ३२ आणि किमान १९ अंश आहे. सरासरी २५.५, म्हणजे त्या दिवसाची कमाई २०.५. डिसेंबरच्या थंडीत कमाल २८ आणि किमान ११ असेल तर कमाई १४.५. पहिल्याच्या पिकाने दहा दिवसांत मिळवलेली २०५ अंशांची बेरीज गाठायला दुसऱ्याला चौदा दिवस लागतात. घाटेअळीसाठी ५ टक्के निंबोळी अर्क फुलोऱ्याच्या सुमारास फवारायचा असतो. दिवस मोजून फवारणाऱ्या शेजाऱ्याचा अर्क कळी धरण्याआधीच जातो, मजुरीही वाया जाते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये उलटे घडते. ऊन चढले की बेरीज झपाट्याने वाढते, घाटे भरण्याचे दिवस कमी होतात आणि उशिरा पेरलेल्याचा दाणा बारीक राहतो. बाजार समितीत त्याचा फटका बसतो.

एवढ्या हिशेबावर विसंबता येईल?

पूर्णपणे नाही. जमिनीतील ओल तुटली की पीक उष्णतेची बेरीज पुरी होण्याआधीच पिकायला लागते, आणि नांदेड-लातूरचा बराचसा हरभरा कोरडवाहू आहे. दिवसाच्या लांबीचाही परिणाम होतो. सोयाबीनमध्ये तर तो इतका असतो की नुसत्या तापमानावर फुलोऱ्याचा अंदाज चुकू शकतो. शिवाय तापमान एका मर्यादेपलीकडे गेले की वाढ वेग घेत नाही, खुंटते. तरीही नुसत्या दिवसांपेक्षा हा अंदाज जवळचा. नक्षत्रांवर पेर ठरवणाऱ्या जुन्या माणसांनाही हे पटेल. तेही तिथीइतकेच थंडी किती पडली याकडे बघत.

अडलेय कुठे?

मोजमापात नाही. महावेध प्रकल्पात २०१७ पासून राज्यातील महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. त्यांची संख्या दोन हजारांवर आहे. तापमान तिथे नोंदले जातेच. पण गावात या केंद्रांची आठवण निघते ती पीकविम्याची भरपाई ठरताना किंवा अतिवृष्टीचे मिलिमीटर मोजताना. त्याच नोंदींतून पेरणीच्या तारखेनुसार मंडळनिहाय बेरीज काढून मोबाइलवर पाठवायला नवे यंत्र लागत नाही. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ हवामान आधारित सल्ला देतेच; त्यात ही एक ओळ वाढवणे कृषी विभागाने आता टाळू नये.

दुसरे काम बियाण्याच्या पिशवीवर व्हायला हवे. तिथे वाणाचा कालावधी दिवसांत छापतात. विद्यापीठाच्याच बदनापूर केंद्राच्या ‘आकाश’सारख्या वाणाला फुलोऱ्यापर्यंत आणि पक्वतेपर्यंत किती अंश लागतात, हे त्या दिवसांशेजारी छापले, तर मोबाइलवरच्या बेरजेशी ताडून पाहायला शेतकऱ्याच्या हाती काही असेल.